दशावतार, पण डबल बेससह

एकांनी मला विचारलं की शब्द कळत नसतील तर मेटल बँड (म्हणजे हेवी मेटल हे दणदणीत गिटारचं रॉक संगीत वाजवणारा) प्रत्यक्ष ऐकायला का जायचं. माझं उत्तर : ड्रमरसाठी! दोन्ही पायांनी वाजणारा बेस ड्रम, म्हणजेच डबल बेस, हेडफोनवर नुसता टकटकतो. छोट्या हॉलमध्ये तो बरगड्यांत जाणवतो. साउंडवाल्याने घोळ घातला तर मात्र गिटारचा चिखल होतो, तेही खरं.

सुरुवात करायची तर मुंबईचाच डेमॉनिक रिझरेक्शन घ्या. साहिल मखिजाने २००० साली उभा केलेला बँड. खर्जातली गुरगुर, मध्येच स्वच्छ गाणं आणि मागे कीबोर्ड, त्यामुळे नवख्यालाही धरायला काहीतरी सापडतं. २०१७चा त्यांचा अल्बम दशावतारांवर आहे, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी. कोकणातला दशावतार रात्र रात्र बघणाऱ्यांनी नरसिंहाला इतकं बिचकायचं कारण नाही. (हाच साहिल यूट्यूबवर कीटो (अगदी कमी कर्बोदकांचा) स्वयंपाक शिकवतो, आणि उत्तम शिकवतो.)

मॉश पिटची, म्हणजे स्टेजसमोर प्रेक्षक एकमेकांना धक्के देत नाचतात त्या घोळक्याची, भीती अनाठायी आहे. बाहेरून हाणामारी वाटते, पण कोणी पडलं की आजूबाजूचे चार हात लगेच उचलतात. तरी चष्मा असेल तर कडेला उभे राहा. साउंड कन्सोलच्या (साउंडवाला बसतो त्या टेबलाच्या) आसपास उभं राहिलं तर आवाजही सगळ्यात चांगला लागतो. आणि कानात इअरप्लग घालाच. त्याने मजा कमी होत नाही, उलट गिटारचे सूर सुटे सुटे ऐकू येतात.