मदत हवी आहे : बहिष्काराच्या मेसेजची तक्रार, पुराव्याच्या प्रमाणपत्राचा भाग 'ब' कोण भरतं?

सोलापुरात मुस्लिम फळगाडीवाल्यांकडून काही घेऊ नका, असा मेसेज फिरतोय. (इंग्रजांनी फाशी दिलेले हुतात्मे कुर्बान हुसेन यांच्या गावात!) भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ (धर्म वगैरेंवरून गटागटांत वैर पसरवणं) खाली तक्रार द्यायची आहे. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात टिकत नाही. नंबर, तारीख, वेळ दिसेल असं चॅट एक्सपोर्ट करून मूळ फोनही जपावा लागतो. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियम (पुराव्याचा नवा कायदा) कलम ६३ चं, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदलली नाही हे दाखवणारा कोड) प्रमाणपत्र. त्यातला भाग 'अ' आपण भरू, पण 'ब' तज्ज्ञाचा. तो इथे कोण भरून देतं, किती घेतात?

पोलीस ठाण्यात 'आधी सरकारची मंजुरी आणा' म्हणाले तर? मंजुरी कोर्टाने दखल घेण्यासाठी लागते, गुन्हा नोंदवायला नाही. नकार मिळाल्यावर पोलीस आयुक्तांना टपालाने अर्ज कुणी केलाय? नमुना द्या.