तीन फुटांच्या फरकावर वसलेले कुर्डुवाडी

धागालेखक (सोलापूर)

कुर्डुवाडीविषयी बोलताना ‘रेल्वे आली म्हणून गाव वाढले’ असे सरसकट म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० मध्ये सोलापुरापर्यंत पोहोचली, तेव्हा येथील स्थानकाचे नाव ‘बार्शी रोड’ होते. म्हणजे जेथे उतरून बैलगाडीने पुढे जायचे, त्या दुसऱ्याच गावाचे. १८९७ मध्ये ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची येथून बार्शीला जाणारी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि चित्र बदलले. तिच्या दोन रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच होते आणि मुख्य मार्गाच्या रुळांमधील ५ फूट ६ इंच, त्यामुळे बार्शीकडून मुख्य मार्गाने पुढे जाणारे प्रत्येक पोते येथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. छोटी लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली, तसे हमाल, फिटर आणि रेल्वे कारखान्यातील कामगार यांचे हे गाव होत गेले. छोट्या लाइनच्या रुंदीकरणाने हा तीन फुटांचा फरक मिटवला आणि त्याबरोबर एक वसाहतही संपवली. त्याला केवळ ‘विकास’ म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद : बार्शीकर

मी पूर्णपणे असहमत आहे. ज्या फरकावर आपण गाव वसलेले पाहता, त्याच फरकाची किंमत बार्शी आणि लातूरच्या शेतकऱ्याने व व्यापाऱ्याने शतकभर मोजली: दुहेरी हमाली, फाटलेली पोती, डब्यांची वाट पाहण्यात गेलेले दिवस. शिवाय धाराशिव हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही छोट्या लाइनवर नव्हते, गाडीसाठी येडशी गाठावी लागे. रुंदीकरणातच मार्ग धाराशिवकडे वळला. आज लातूरची गाडी थेट मुंबईला जाते. ओझे वाहणाऱ्यांच्या श्रमांचा आदर करायचा, तर ते ओझे उतरले याचे दुःख कसे करायचे?

प्रतिसाद : माढा तालुक्यातील वाचक

‘वसाहत संपली’ हे विधान मला मान्य नाही. कुर्डुवाडी आजही जंक्शन आहे. लातूर आणि मिरज हे दोन्ही फाटे तेथूनच फुटतात. मात्र धाग्यात वारीला जागाच मिळालेली नाही, हे खटकले. १९०६ नंतर पंढरपूरला रेल्वेने जाणारा मुंबई-पुण्याकडचा वारकरी येथे गाडी बदलत असे, आणि आषाढी-कार्तिकीला फलाटावर जी गर्दी होई, तीही या गावाच्या इतिहासाचाच भाग आहे.

धागालेखक

वारीचा उल्लेख राहिला, ही माझी चूक मान्य करतो. ‘संपली’ हा शब्दही मागे घेतो. गाव आहे, पण त्याचे जुने काम गेले, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. बार्शीकरांना मात्र एवढेच सांगेन की, रुंदीकरण नको होते असे मी म्हटलेले नाही. ते हवेच होते. पाच टनांपेक्षा अधिक भार चाकांच्या कोणत्याही आसावर येऊ न देणारी कॅलथ्रॉप यांची रचना रेल्वेच्या इतिहासात नोंदली गेली आहे, पण त्या लाइनची इंजिने पिढ्यान्‌पिढ्या चालती ठेवणाऱ्या फिटरांच्या आठवणी अजून बहुतांशी घराघरांतच आहेत, आणि ते लोक आता वृद्ध झाले आहेत.

प्रतिसाद : बार्शीकर

या शेवटच्या मुद्द्यावर आपला वाद नाही. फक्त त्या आठवणी लिहून घेताना बार्शीच्या अडतीवरील हमालांकडेही जावे, कारण तीच पोती दुसऱ्या टोकाला त्यांनी भरलेली असत.