शब्दचर्चा : 'संधिसाधू' जीवाणू म्हणावे का?

मुक्ता :
माती-पाण्यात राहणाऱ्या आणि प्रसंगी माणसाला आजारी पाडणाऱ्या जीवाणूंच्या जीनोमची (पेशीतल्या संपूर्ण डीएनएची) तुलना करणारा एक लेख मी मराठीत आणते आहे. त्यांना रूढीप्रमाणे 'संधिसाधू रोगकारक' म्हटले, तर मुद्रितशोधकांनी 'जीवाणूवर हेतूचा आरोप नको' असा शेरा मारून मजकूर परत पाठवला. दुसरा प्रश्न असा की, परिसरातून मिळवलेला आणि रुग्णाकडून मिळवलेला, अशा एकाच जातीच्या दोन नमुन्यांसाठी (इंग्रजीत 'स्ट्रेन') 'वाण' लिहावे की 'प्रभेद'?

दिगंत :
मुक्ताताई, शेरा रास्त आहे. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूचेच पाहा. जखमेतून मिळालेल्या त्याच्या एका वाणाचा जीनोम २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६३ लाख बेसजोड्या (डीएनएच्या साखळीतले दुवे) आणि साडेपाच हजारांवर जनुके निघाली, आणि नाना प्रकारचे अन्न पचवणारी, विषारी द्रव्ये पेशीबाहेर फेकणारी जी सामग्री सापडली, ती मातीत तगण्यासाठीही तितकीच उपयोगी आहे. पुढे अनेक वाण वंशवृक्षावर मांडले गेले, तेव्हा रुग्णांकडचे एका बाजूला आणि पाण्यातले दुसऱ्या बाजूला असे सरळ दोन फाटे पडले नाहीत; ते एकमेकांत मिसळलेलेच आढळले. जो माणसासाठी वेगळी तयारी करतच नाही, तो संधी 'साधतो' कसा? मी 'प्रासंगिक रोगकारक' सुचवतो.

सुलेखा :
'प्रासंगिक' म्हटले की रोग अधूनमधून होतो एवढेच कळते. शरीराचा बचाव कोसळलेला असतो, हा मुख्य अर्थ हरवतो. 'संधि' म्हणजे सांधा, आणि म्हणूनच फटही. संस्कृतात चोराने भिंतीला पाडलेल्या भगदाडालाही 'संधि' म्हणतात. घरफोडीला 'संधिच्छेद' हा शब्द त्यातूनच आला. हा जीवाणू भाजलेल्या त्वचेतून किंवा शरीरात घातलेल्या नळीवाटे आत शिरतो, तेव्हा हा अर्थ तंतोतंत लागू पडतो. शिवाय दिगंतराव, तो फुफ्फुसात वर्षानुवर्षे मुक्काम करतो, तेव्हा त्याची काही जनुके उत्परिवर्तनाने निकामी होतात आणि तसे बदललेले वाणच तिथे टिकून राहतात. जीनोमांच्या तुलनेतूनच हे दिसले आहे. साधणे म्हणजे याहून वेगळे काय?

अनिकेत :
सुलेखाताई, व्युत्पत्ती सुंदर आहे, पण वाचकाच्या मनात 'संधिसाधू' म्हणजे पक्ष बदलणारा पुढारीच उभा राहतो. शब्द कोशात काय होता यापेक्षा आज काय ऐकू येते, ते महत्त्वाचे. आणि सगळ्या जीवाणूंना एकच विशेषण तरी का? लेजिओनेला हा जीवाणू १९७६ साली फिलाडेल्फियातल्या न्यूमोनियाच्या साथीमुळे ओळखीचा झाला, पण त्याचे खरे घर पाण्यातले अमीबा. २००४ मध्ये त्याचे जीनोम वाचले गेले, तेव्हा प्राणी-वनस्पतींच्या प्रथिनांशी साम्य असलेल्या प्रथिनांची जनुके त्यात आढळली. अमीबाच्या पोटात जगण्याची ही साधने आपल्या भक्षकपेशींतही (जंतू गिळणाऱ्या पेशींतही) चालतात. माणसाकडून माणसाकडे तो सहसा जात नाही. अशाला मी 'आगंतुक' म्हणेन.

वसुधा :
'आगंतुक' मला पटते. मात्र सगळेच 'जीनोम' का लिहीत आहेत? 'जनुकसंच' हा स्वच्छ मराठी शब्द हाताशी आहे.

दिगंत :
वसुधाताई, जनुकसंच म्हणजे फक्त जनुके. जीनोममध्ये जनुकांमधल्या मोकळ्या जागाही येतात. जीवाणूंमध्ये त्या थोड्याच असतात, पण माणसाच्या जीनोमबद्दल लिहिताना हा शब्द सरळसरळ फसवतो. हान्स विंकलर यांनी १९२० साली 'जीनोम' घडवला तोसुद्धा गुणसूत्रांच्या एकेरी (हॅप्लॉइड) संचासाठी.

वसुधा :
मग 'जनुकीय बेटे' कशी चालतात? बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय या मातीतल्या जीवाणूच्या जीनोममध्ये दोन गुणसूत्रे आणि १६ बेटे सापडली, असे आपण मराठीतच म्हणतो. दुसऱ्या जीवाणूंकडून आलेले जनुकांचे गठ्ठे समजावताना 'बेट' इतके सहज रुळले, याचे कारण तो आपला शब्द आहे. माझा हट्ट तेवढ्यासाठीच आहे.

अनिकेत :
तो जीवाणू मात्र धडधाकट माणसालाही ग्रासतो, त्यामुळे 'संधिसाधू' त्याला मुळातच लागू नाही. मुक्ताताई, तुमच्या लेखात तो असेल तर त्याचा परिच्छेद वेगळा ठेवा.

मुक्ता :
तो आहे, आणि परिच्छेद वेगळा करते. 'वाण' की 'प्रभेद', याचे उत्तर मात्र मला अजून हवे आहे.

सुलेखा :
'वाण' लिहा, निवडून वाढवलेल्या बियाण्यासाठी तो शब्द आहेच, आणि इथेही एकाच पेशीपासून वाढवलेली वसाहत असते.

वसुधा :
नेमके म्हणूनच 'वाण' नको. बियाण्यात माणसाची निवड असते, ओढ्याच्या पाण्यातून मिळालेल्या जीवाणूत ती कुठली?