मदत हवी आहे: सोलापूरहून कारने बदामी-हंपी, आई-बाबांसोबत

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आई-बाबा आणि पोरांना घेऊन कारने हंपीला जायचं म्हणतोय. विजापूरपर्यंतचा रस्ता पायाखालचा आहे; टाकळीला भीमा ओलांडायची, सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरांत गोलघुमट. खरा घोळ पुढे आहे.

बाबांना कूडलसंगमला जायचंच आहे. कृष्णा-मलप्रभेचा संगम, बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ, त्यामुळे तिथे तडजोड नाही. मला बदामी आणि पट्टदकल सोडवत नाही. मग विजापूरहून आधी कूडलसंगम करून बदामीला मुक्काम करावा, की थेट बदामी गाठून संगम परतीच्या वाटेवर ठेवावा? परत येताना होस्पेट, कुष्टगी, इलकल असंच यायचं आहे. इलकलला आईची साडीखरेदी ठरलेली, म्हणजे तिथे दोन तास गेलेच समजा!

आईचे गुडघे दुखतात. बदामीच्या लेण्यांना पायऱ्या बऱ्याच आहेत. पहिल्या लेण्यापर्यंत तरी हळूहळू चढता येईल का? की तिला खाली अगस्त्य तलावाकाठी, भूतनाथ मंदिरापाशी बसवावं? हंपीत विठ्ठल मंदिराकडे बॅटरीवरची गाडी असते, तिला रांग किती लागते? विठ्ठल म्हटल्यावर आई तिथे तरी मागे राहणार नाही.

गाडी सीएनजी आहे. विजापूर सोडल्यावर वाटेत पंप कुठे भेटतात, की पेट्रोलचाच हिशेब धरू? राहायला होस्पेट बरं की कमलापूर? जेवणाची चिंता नाही, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा सोबत असतोच. नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर रस्त्याचं खरं खरं सांगा.