चर्चा : विदर्भातल्या गावात नेहमीची वाइन कोणती असावी?

संत्राबाग (वरूड)

वाइनच्या शौकिनाला आवडती बाटली विचारली की महागड्या लाल वाइनची मोठी नावं येतात : फ्रातेल्ली कंपनीची सेत्ते, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, सुलाची रासा. माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या घरी सगळ्यात जास्त वेळा उघडली जाते ती बाटली कोणती? माझ्याकडे नाशिकची चेनिन ब्लाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, सुलाची नाहीतर यॉर्कची. विदर्भाच्या खेड्यात राहणाऱ्यानं नेहमीसाठी तीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं कारण ऊन. पंचवीस अंशांच्या वर पारा महिनोन् महिने राहिला की वाइन बिघडायला लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे नवल नाही. ती नाशिकहून ट्रकनं येते, गोदामात पडते, मग तालुक्याच्या दुकानात टिनाच्या छपराखाली फळीवर बसते. महागडी लाल वाइन आपल्या भागात कमी खपते, म्हणून एकेक बाटली दोन-दोन उन्हाळे तिथंच काढते. चेनिन त्यामानानं स्वस्त, लवकर उठते, म्हणून ताजी मिळते.

मागच्या उन्हाळ्यात एका दुकानातून चांगल्या नावाची लाल बाटली आणली. बूच काचेच्या कडेच्या वर आलेलं, वरचं वेष्टन आतून चिकट झालेलं. पेल्यात ओतली तर कडेला विटकरी रंग आणि वास उकळलेल्या मनुकांचा. वाइन करणाऱ्यानं जीव ओतून केलेली वस्तू आपल्यापर्यंत येता येता अशी मरते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं कारण जेवण. पाटोडीचा रस्सा, सावजी मटण, ठेचा. लाल वाइनमधला तुरटपणा आणि जास्तीचं अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. चेनिनमध्ये जराशी गोडी आणि आंबटपणा असतो, फ्रीजमधून काढून आठ-दहा अंशांवर प्यायली की जीभ शांत होते.

केळीबाग (अकोट)

मले हे पटत नाही, भाऊ. दुकानदारानं बाटली उन्हात ठेवली त त्यात लाल वाइनचा काय दोष? नोव्हेंबर-डिसेंबरात नागपूरले जाणं होतेच. तिथं एसी दुकानातून घ्याची, मागच्या लेबलवर भरल्याचा महिना-वर्ष पाह्याचं, आन् होळीच्या आत संपवाची. सेत्ते म्हणजे सांजोव्हेझे आन् कॅबर्ने सोव्हिन्यों ही लाल वाइनची द्राक्षं, सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडं पिकलेली. महाराष्ट्राच्याच मातीत इतकी दमदार वाइन होते आन् आपण गोडसर पांढरीवर समाधान मानाचं? थंडीत वांग्याची भाजी, रोडगे आन् सेत्ते घेऊन पाहा एकदा.

आन् तुम्ही पांढऱ्यात चेनिनच काहून धरून बसले? दिंडोरीची शँडों हाये, फसफसणारी, ते त तिखटासोबत आणखी चांगली लागते.

संत्राबाग (वरूड)

केळीबाग भाऊ, हिवाळ्यातल्या लाल वाइनला माझी ना नाही. पण 'नेहमीची' म्हटल्यावर वर्षभराचा विचार करावा लागतो. नागपूरला जाऊन पेटी आणणारे आपल्यात किती? बाकीचे तालुक्याच्या दुकानातूनच घेतात, आणि पहिल्याच बाटलीत उकळलेला वास आला की 'वाइन अशीच असते' म्हणून कायमचे बिअरकडे वळतात. माझा सगळा जीव त्या माणसासाठी तुटतो. सुलाच्या चेनिनला फिरकीचं झाकण असतं, बूच वर येण्याचा प्रश्नच नाही. शँडों चांगलीच आहे, पण तिला बूच आहे आणि आतला दाब मोठा. उन्हात तिचे हाल आणखी वाईट.

झाडीपट्टी (साकोली)

तुम्ही दोघंही नाशिक-अकलूजमध्ये अडकलात. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचायला घरंच्या घरं जंगलात जातात. या मातीचं पेय ते आहे. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला हेरिटेज म्हणून मान्यता दिली, आदिवासी बचत गटांना ती गाळायचे परवाने दिले. आपण मात्र फ्रेंच नावाची द्राक्षं आपली मानतो आणि मोहाला गावठी म्हणून हिणवतो. मला याचा राग येतो.

संत्राबाग (वरूड)

राग रास्त आहे. मोहाला मान मिळायलाच हवा. पण मोहाची भट्टीवर गाळलेली असते, वाइन नुसती आंबवलेली, साधारण १२-१४ टक्के अल्कोहोलची. जेवणासोबत घुटक्याघुटक्यानं घ्यायच्या पेयाची जागा मोहाची घेऊ शकत नाही. ती चर्चा वेगळी व्हावी, मी तुमच्या बाजूनं लिहीन.

वैनगंगाकाठ (आरमोरी)

मी गडचिरोली जिल्ह्यातली. इथं १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती बायांनी, गावकऱ्यांनी लढून आणलेली आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकायचं ठरवलं, तेव्हाही 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हेच ऐकवलं गेलं. दादा, खेड्यात 'नेहमीची बाटली' हे शब्द माझ्या अंगावर येतात. ज्या घरात मजुरीचे पैसे संध्याकाळी संपतात, तिथं चेनिन की सेत्ते हा वाद कुणाच्या कामाचा?

संत्राबाग (वरूड)

ताई, त्या घरांसाठी हा वाद नाहीच, आणि तुमच्या जिल्ह्यातली बंदी मोडावी असं मी कधीच म्हणणार नाही. सुपरमार्केटच्या निर्णयातही बंदीचे जिल्हे वगळलेलेच होते. पण अमरावती-अकोल्यात दुकानं आहेत, लोक पितात, आणि बहुतेक जण जे सगळ्यात कडक ते घेतात. चौघांत एक बाटली, ताटासोबत, तासभर बसून : ही सवय लागणाऱ्याचं घर त्यामुळं मोडत नाही, असं मी माझ्या आसपास पाहतो.

वैनगंगाकाठ (आरमोरी)

तुमच्या आसपास तसं असेल. माझ्या आसपास सुरुवात सगळ्यांची चौघांत एका बाटलीनंच झाली होती. मी माझं मत बदलत नाही.

केळीबाग (अकोट)

ताईचं बोलणं मनाले लागलं, त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. वाइनच्या वादात मात्र मी लालवरच ठाम. संत्राबाग भाऊ, एक सांगा : मार्चनंतर उरलेली बाटली घरी ठेवाची कुठं? आमच्याकडं दुपारी लाइन जाते, फ्रीज बंद.

संत्राबाग (वरूड)

उत्तरेकडच्या खोलीत, जमिनीलगत, आडवी. ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि कूलरच्या वाऱ्यात ठेवा. आपली हवा कोरडी असल्यानं गोणपाट चांगला गारवा धरतं. तरीही जूनपर्यंत ठेवू नका, पाहुणे बोलवा आणि उघडा.