पेंटबॉलचं मैदान वावरात काढायचं आहे, काय काय पाहायचं?

वावर_परतवाडा:
परतवाडा-चिखलदरा रस्त्यावर आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. संत्र्याच्या बागेला लागून दोन एकर वावर पडीक आहे, मागच्या साली तिथं तूर होती. दिवाळीच्या सुट्ट्यांपासून पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, सुरू करायचा विचार आहे. नागपूरहून दहा जुने मार्कर (गोळ्या झाडायच्या बंदुका) सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या, बाटल्यांसकट मिळून राहिले. गोळीचा वेग किती ठेवायचा आणि मोजायचा कसा? मास्क महाग पडतात, वेल्डिंगचे गॉगल चालतील का? येणारे बहुतेक कॉलेजचे पोट्टे राहतील, तर "लागली", "नाही लागली" यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून काय नियम ठेवावेत?

नळीवाला:
वेल्डिंगचा गॉगल अजिबात नाही, भाऊ. ६८ कॅलिबरची गोळी सव्वासतरा मिलिमीटरची आणि साधारण ३ ग्रॅमची असते, म्हणजे नेमकी डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढी. काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात, आणि गॉगल पट्ट्यासकट उडाला तर दुसरी गोळी उघड्या डोळ्यावर. पेंटबॉलचाच मास्क घ्या: कान आणि जबडा झाकणारा, हनुवटीखाली पट्टा असलेला, एएसटीएम एफ १७७६ (पेंटबॉलच्या मास्कचं अमेरिकी मानक) छापलेला. भिंग दुहेरी असलेलं बरं, नाहीतर घामानं धुकं साचतं आणि खेळणारा मैदानातच मास्क वर करतो. बहुतेक डोळे असेच जातात. भिंग पुसायला फक्त पाणी आणि मऊ सुती कापड. स्पिरिट, पेट्रोल, कॉलीन लावलं की भिंगाच्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकला बारीक तडे जातात, ते दिसत नाहीत. जवळून थेट मार बसला की भिंग बदला, मार नसला तरी वर्षातून एकदा बदलाच.

वेगाची कमाल मर्यादा बहुतेक ठिकाणी ३०० फूट प्रति सेकंद धरतात. भाड्याच्या मैदानावर नवखे येतात, तिथं २५० ते २७० पुरे. वेग ३०० वरून २५० वर आणला की माराचा जोर जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. त्यासाठी क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, लागतोच, तो नसेल तर मैदान उघडू नका. प्रत्येक मार्करमधून दहा-दहा सेकंद थांबून चार गोळ्या झाडा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. कमी-जास्त करायला अ‍ॅलन कीनं स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि पुन्हा मोजायचं. काही मॉडेलांत आत फिरवल्यावर वेग वाढतो, काहींत कमी होतो, म्हणून अंदाजानं फिरवू नका.

दिवाळीत खरी गडबड इथंच होते. सकाळी गारठ्यात सीओटूचा दाब कमी असतो, गोळी ढिली जाते म्हणून कोणीतरी स्क्रू फिरवतो. दुपारी ऊन चढलं, दाब वाढला की तोच मार्कर ३०० च्या वर जातो. सकाळी, अकरा वाजता आणि जेवणानंतर मोजा. स्क्रू फिरवायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, अ‍ॅलन की त्याच्याच खिशात.

धुऱ्यावरचा:
जुन्या बाटल्यांचं कोणी बोललं नाही. हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबानं केलेल्या चाचणीची, तारीख बाटलीवर ठोकलेली असते. ती पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर चाचणी करवून घ्या, तारीखच नसेल तर ती बाटली भंगारात. व्हॉल्व्ह आणि बाटली यांच्यावरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. मार्करमधून बाटली काढताना रेघ तुटून दोन बाजूंना सरकली, तर बाटली नाही, व्हॉल्व्हच सुटून राहिला आहे. तिथंच थांबा. अशी सुटलेली बाटली रॉकेटसारखी उडते आणि माणूस मारते.

२० औंसाच्या बाटलीत ५६७ ग्रॅमच सीओटू, वजन करूनच भरा. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही. ठासून भरलेली बाटली एप्रिलच्या उन्हात गाडीत राहिली तर बर्स्ट डिस्क (जास्त दाब झाला की फुटून वायू सोडणारी चकती) उडते, आणि उडाली नाही तर त्याहून वाईट. सीओटूऐवजी दाबलेल्या हवेवर जायचं असेल तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर कामाचा नाही. तो ८-१० बार देतो, आणि हवेच्या वेगळ्या बाटल्यांना २०० बार लागतात; सीओटूच्या बाटलीत ती हवा भरू नका.

आता वावर. तुरीची खुटं तिरपी कापलेली राहतात आणि भाल्यासारखी टोकदार. पेंटबॉलमध्ये लोक झोकून देतात, म्हणून रोटावेटर मारून खुटं वेचून काढल्याशिवाय एकही सामना नको. विहिरीला कठडा आणि वर जाळी. शेजाऱ्यानं रानडुकरांसाठी झटका मशीनची तार लावली असेल तर सीमा तिच्यापासून दहा मीटर आत घ्या, आणि खेळाच्या वेळी मशीन बंद राहील हे त्याच्याशी आधी बोलून ठेवा. आडोशाला टायर रचले तर रोज सकाळी काठीनं उलटून पाहा, खाली विंचू बसतो.

सीमेवरची जाळी ४ मीटर उंच, भोकं १२ मिलिमीटरपेक्षा लहान. शेडनेट उन्हाळाभर टिकतं, पण सुतळीनं बांधू नका, पहिल्या वावटळीत फाटतं.

पंच_अमरावती:
भांडणाचं मूळ नियमात कमी, पंच नसण्यात जास्त. दहा खेळाडूंना दोन पंच हवेत, शिट्टी आणि वेगळ्या रंगाचं जॅकेट घालून. नियम मैदानाच्या दारावर मोठ्यानं वाचा.

गोळी अंगावर किंवा मार्करवर फुटून एक रुपयाच्या नाण्याएवढा रंग उमटला तर बाद. आपटून उसळली किंवा शेजारच्या आडोशावरून शिंतोडे उडाले, तर बाद नाही. पाठीवर लागल्याचा संशय असला तर "रंग बघा" म्हणून ओरडायचं, पंच येईपर्यंत त्याच्यावर कोणी झाडायची नाही. बाद झालेल्यानं हात वर करून "आउट" म्हणायचं, नळीवर टोपी चढवायची आणि जवळच्या सीमेनं बाहेर पडायचं. मास्क मात्र जाळीच्या बाहेर गेल्यावरच काढायचा. रंग पुसणारा सापडला तर तो आणि त्याचा एक साथीदार, दोघेही बाहेर. हा नियम फार गुणकारी आहे, कारण मग साथीदारच लक्ष ठेवतात.

तीन मीटरच्या आत समोरासमोर आलात तर गोळी झाडायची नाही, "शरण ये" म्हणायचं. आडोशावरून नुसता हात काढून न पाहता झाडणं बंद. एका सामन्याला माणशी ५० गोळ्याच द्या, म्हणजे हात वर केलेल्यावर कोणी उधळत बसत नाही.

खाली पडलेली गोळी उचलून भरू देऊ नका. काळ्या मातीचे कण नळीला ओरखडे पाडतात, आणि ओल लागलेली गोळी फुगून नळीतच फुटते.

वावर_परतवाडा:
सगळ्यांचे आभार. मार्कर घ्यायच्या आधी बाटल्या पाहतो. लहान पोरं आणि कुत्री यांचं काय? आमच्याकडे दोन कुत्री मोकळी फिरतात.

नळीवाला:
दहा-बारा वर्षांच्या पोरांना ५० कॅलिबरचे स्प्रिंगवाले मार्कर द्या. ती गोळी १२.७ मिलिमीटरची असते, म्हणून पोरांच्या बाजूची जाळी अजून बारीक घ्या. दोन प्रकारचे मार्कर एकाच सामन्यात नकोत. गळ्याला दुपट्टा घट्ट गुंडाळून टोक शर्टात खोचायचं, कॉलरच्या वरचा भाग सगळ्यात नाजूक असतो.

गोळ्यांचं खोकं कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. वरचं कवच जिलेटिनचं, आतला माल गोडसर, त्यामुळे कुत्री चवीनं खातात. मग उलट्या, जुलाब, तोल जाणं, रक्तातलं मीठ वाढणं. लगेच गुरांच्या डॉक्टरकडे न्यायचं.

आणि माणसाच्या डोळ्याला लागलंच तर चोळायचं नाही, पाण्याचा फवारा मारायचा नाही, पट्टी आवळायची नाही. कागदी कप उलटा ठेवून त्याच्या कडेनं चिकटपट्टी लावा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे. दिसतंय म्हणून घरी पाठवू नका, आत रक्तस्राव उशिरानंही होतो.