पेरा पॅलेस आणि खोली क्रमांक ४११

इस्तंबूलच्या पेरा पॅलेस या हॉटेलात रहस्यकथा-लेखिका अगाथा ख्रिस्तीच्या नावाची ४११ क्रमांकाची खोली मिळावी म्हणून जादा पैसे मोजावेत का, असा प्रश्न एकाने विचारला आहे, म्हणून थोडे सांगतो. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ याच खोलीत लिहिली गेली, ही हॉटेलने आवडीने जपलेली आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. गंमत अशी की १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीत खुद्द तिचा नायक, गुप्तहेर प्वारो इस्तंबूलला पोहोचल्यावर जातो तो पेरा पॅलेसमध्ये नव्हे, तर जवळच्याच तोकातलियान हॉटेलात!

तरीही या वास्तूचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. ओरिएंट एक्सप्रेस या रेल्वेगाडीच्या प्रवाशांसाठी १८९० च्या दशकात उभारलेल्या या इमारतीचा आराखडा आलेक्सांद्र व्हालोरी या वास्तुविशारदाचा असून, सिर्केजी स्थानकावरून पाहुण्यांना वाहून आणणारी पालखीवजा खुर्ची आजही तेथे मांडून ठेवलेली दिसते. ओतीव लोखंडाची जुनी विजेवर चालणारी लिफ्ट तर आवर्जून पाहावी. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क जेथे उतरत असत ती १०१ क्रमांकाची खोली आता संग्रहालय आहे.

माझे मत विचाराल तर साधी खोली घ्यावी, किंवा मुक्काम अन्यत्र करून घुमटांखालच्या दालनात दुपारचा चहा घ्यावा. वाचलेल्या पैशांत बोस्फरस सामुद्रधुनीतली बोटीची एक फेरी सहज होते.